सोबत जायचं नाही

अल्का मेश्राम खुर्चीवर बसून गरगर फिरत होती आणि दारात मदतनीस गीताबाई चहाचा कप घेऊन आ वासून उभी होती.

सालेकशाच्या त्या दवाखान्यात फिरती खुर्ची एकच, मोठ्या डॉक्टरांची. ते ओपीडी उरकून जेवायला गेले की अल्का ती ढकलत आपल्या खोलीत आणायची, दार लोटायची आणि डोकं भणभणेपर्यंत फिरायची. समोर मोबाईल, रजिस्टरांच्या ढिगाला टेकवलेला. त्यात चौकटीच चौकटी, आणि दर चौकटीत एकेक शिकलासवरलेला समुपदेशक तसाच गरगरतोय. कोणी नांदेडचा, कोणी जव्हारचा, कोणी गडचिरोलीचा. बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या महाराष्ट्राच्या मानसिक आरोग्याला एकदमच भोवळ आली.

"तब्येत बरी हाय ना जी, म्याडम?" गीताबाईनं विचारलं.

"ट्रेनिंग आहे," टेबल घट्ट धरून अल्का म्हणाली.

"असं ट्रेनिंग तं मंडईच्या जत्रेतल्या पाळण्यात बसलं का होते," असं म्हणून गीताबाईनं कप ठेवला आणि ही बातमी सगळ्या दवाखान्याला पुरवायला निघून गेली.

आता गीताबाईला कोण सांगणार की या गरगरण्यात अर्थ होता. ज्यांना बसल्याजागी एकाएकी धडकी भरते, छाती धडधडते, हातपाय मुंग्या येऊन बधिर होतात आणि आता आपण मरतोच असं वाटतं, त्यांच्यावर औषधाबरोबर काय उपचार करायचा, याचं ते ऑनलाइन प्रशिक्षण होतं. अशी माणसं बोगद्याला, बाजाराला, गर्दीला घाबरतात असं आपल्याला वाटतं. खरं तर ती आपल्याच धडधडीला घाबरतात. म्हणून ती धडधड, ती भोवळ मुद्दाम आणायची, आणि तिच्यासमोर बसून राहायचं. पळायचं नाही. आणि जे रोग्याकडून करून घ्यायचं ते आधी स्वतः करायचं, हा चेतना मॅडमचा नियम.

चेतना मॅडम पुण्याहून शिकवत. माहेर इथलंच, शेजारच्या आमगावचं. पुण्यानं त्यांची भाषा घासूनपुसून गुळगुळीत केली होती, पण तोंडावर बोलायची सवय माहेरचीच राहिली होती. अल्काला त्याची झळ पुढे बसायचीच होती.

अल्का मूळची तिरोड्याची. घरातली पहिली एमएसडब्ल्यू. सालेकशात समुपदेशक म्हणून लागली, संघदीप मास्तरांशी लग्न झालं आणि इथलीच झाली. धीर द्यावा तर अल्कानं. रडत आलेलं माणूस तिच्या खोलीतून डोळे पुसत, हसत बाहेर पडायचं. पण पंधरा दिवसांनी तेच माणूस पुन्हा दारात. "म्याडम, तुमच्याशी बोललं का बरं वाटते." पूर्वी हे ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग कधीतरी तिच्या डोक्यात किडा शिरला की यांना बरं वाटतं, तर ही बरी का होत नाहीत? त्या किड्यापायी तिनं प्रशिक्षणाला नाव घातलं.

परत परत येणाऱ्यांमधली सगळ्यात जुनी म्हणजे शामकलाबाई वलथरे.

ही बाई एकेकाळी कशी होती ते ऐकण्यासारखं आहे. तिचा नवरा जागेश्वर तलावात शिंगाडा लावायचा. थंडी पडली की तो डोंग्यात बसून पहाटे शिंगाडे तोडायचा, शामकलाबाई ते उकडायची, टोपलं डोक्यावर घ्यायची आणि मेमू गाडीनं डोंगरगडला जायची. राज्य ओलांडून पलीकडे. तिथल्या बाजारात पिंपळाखाली तिची जागा ठरलेली. छत्तीसगडी बायकांशी छत्तीसगडीत, मारवाड्याशी हिंदीत आणि भाव पाडणाऱ्याशी डोळ्यांनी बोलणारी बाई. दुपारपर्यंत टोपलं रिकामं करून घरी.

आणि मग एका हिवाळ्यात दरेकशाच्या पुढच्या बोगद्यात गाडी थांबली. दिवे गेले. शामकलाबाईच्या छातीत धडधडायला लागलं, हाताची बोटं वाकडी झाली, श्वास घशात अडकला. डब्यातली माणसं धावली. धावणारच, आपल्याकडे त्याची कमी नाही. कोणी तळपाय चोळले, कोणी पाणी मारलं, कोणी कांदा ठेचून नाकाशी धरला आणि एका शहाण्यानं मोठ्यानं जाहीर केलं, "अटॅक आला, अटॅक."

अटॅक नव्हताच. गोंदियाला नेऊन सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. पण शामकलाबाईच्या डोक्यातून अटॅक गेला नाही. आधी तिनं गाडी सोडली, मग जीप, मग सालेकशाचा बाजार. आता ती कुठेही निघाली की कमरेला कांदा, हातात पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस. कोणी ना कोणी असतंच. घरात कोणी नसलं तर शेजारची जमुनाबाई येऊन बसायची.

त्यामुळे शिंगाडे विकणार कोण? सालेकशात ज्याच्या त्याच्या घरी शिंगाडे, घेणार कोण? यंदा जागेश्वरनं सांगून टाकलं, "या हंगामात गाडीत बसून डोंगरगडले गेली तं ठीक. नाही तं तलावाचा ठेका सोडतो. गावातला लीलाधर घ्यायले तयारच हाय."

"सोडू द्या तलाव," अल्काच्या खोलीत शामकलाबाई म्हणाली होती. मग म्हणाली, "पण म्याडम, डोंगरगडले लोकं मले सिंघाडेवाली म्हणत. इथं मले बिचारी म्हणतेत. मले ते बिचारी आयकू आलं का असं वाटते, त्या बोगद्यातच मेली असती तं बरं झालं असतं."

प्रशिक्षणात प्रत्येकानं एक खरा रोगी घ्यायचा, त्याच्या परवानगीनं भेटींचं चित्रीकरण करायचं आणि ते वर्गात दाखवायचं असं ठरलं होतं. अल्कानं शामकलाबाईचं नाव सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आपण आपलंच नाव पणाला लावतोय.

पहिला प्रयोग नळीचा. ज्यूसच्या डब्याची बारीक नळी तोंडात धरायची, नाक दाबायचं आणि तेवढ्याच भोकातून श्वास घ्यायचा. थोड्याच वेळात गुदमरल्यासारखं होतं. व्हायलाच पाहिजे, त्यासाठीच तो प्रयोग. शामकलाबाईनं नळी धरली. तिचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, मांडी थरथरायला लागली. आणि अल्काच्या हातांनी अल्काला न विचारता नळी ओढून काढली, पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पाठ चोळली. "काही नाही होत, काही नाही होत, मी आहे ना."

शामकलाबाई शांत झाली. अल्का खुश. शनिवारी तिनं मोठ्या तोऱ्यात ते चित्रीकरण वर्गात लावलं.

चेतना मॅडमनी ते मध्येच थांबवलं. "अल्काताई, नळी का काढलीत?"

"त्यांचा जीव घाबरला होता, मॅडम."

"जीव घाबरावा म्हणूनच दिली होती ना?"

अल्का गडबडली. "हो, पण... मी धीर दिला त्यांना."

"कोणाला?"

प्रश्नच अल्काला कळला नाही.

"पुन्हा लावते," चेतना मॅडम म्हणाल्या. "आता बाईंचा चेहरा बघू नका. तुमचा बघा."

अल्कानं बघितलं. सगळ्या वर्गानं बघितलं. शामकलाबाई घाबरली होती हे खरं, पण तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली बाई शेजारी बसली होती, ओठ दाबून, डोळे फाडून. पाण्याचा ग्लास उचलल्यावर सुटकेचा श्वास सोडला तोही त्या दुसऱ्या बाईनं.

"भीती चढते, थोडी रेंगाळते आणि आपली आपण उतरते," चेतना मॅडम म्हणाल्या. "ती उतरताना त्यांनी बघायची होती. तुम्ही मध्येच पाणी पाजलंत. आता त्यांचा समज काय? पाण्यानं उतरली. मॅडमनी उतरवली. पुढच्या वेळी त्या मॅडमलाच शोधणार. इतकी वर्षं तुमच्याकडे येतायत त्या, याच कारणानं."

त्या दिवशी अल्कानं घरी येऊन भांडी आपटली.

"काऊन वो, काय झालं?" संघदीपनं विचारलं.

"पुण्याच्या बाईले दयामाया म्हणून नाही. माणूस गुदमरून राहिला अन् म्हणे बघत बसा."

संघदीपनं सगळं ऐकून घेतलं आणि फार निरागसपणे विचारलं, "पण तुझं तोंड खरंच तसं झालं होतं का?" त्यावर अल्कानं ज्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानंतर मास्तर पेपर तपासायला बसले ते जेवायलाच उठले.

पण अल्कानं ते चित्रीकरण स्वतः एकटीनं पुन्हा पाहिलं. आणि तिला लाज वाटली. रागापेक्षा लाज बरी, लाजेनं काम तरी होतं.

पुढच्या भेटीत ती स्वतःचे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली. शाळेतल्या पोराला शिक्षा करावी तशी. शामकलाबाईनं नळी धरली. चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले. नळी काढून ती धापा टाकत म्हणाली, "म्याडम, मले काही होणार तं नाही ना?"

'काही नाही होत' हे शब्द अल्काच्या जिभेच्या टोकावर आले होते. आपल्याकडे लेकराला दूध पाजताना, म्हाताऱ्याला मसणात पोचवून येताना, परीक्षेला, बाळंतपणाला, सगळ्यालाच आपण हे म्हणतो. ते गिळणं म्हणजे उलटी गिळण्यासारखं होतं.

"मला नाही माहीत," अल्का म्हणाली. "बसून पाहू."

शामकलाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू जन्माची वैरीण. अल्का हलली नाही. मांड्यांखाली तिची बोटं बधिर झाली. बाहेर गीताबाई कोणावर तरी ओरडत होती. हळूहळू शामकलाबाईचा श्वास लांब झाला, खांदे खाली आले.

"उतरलं," ती म्हणाली. आवाजात संशय होता.

"कोणी उतरवलं?"

शामकलाबाईनं टेबलाखाली पाहिलं, दाराकडे पाहिलं, जणू उतरवणारा तिथेच कुठे लपलेला असावा. "कोणीच नाही जी. आपल्या मनानंच उतरलं."

आणि मग ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्यानंतर तिनं ती नळी मागून घेतली आणि घरी नेली. जमुनाबाईला वाटलं, हिला दवाखान्यातून तोंडात धरायचं काहीतरी औषध दिलं. पुढच्या भेटीत तिनं कमरेचा कांदा सोडून अल्काच्या टेबलावर ठेवला. गीताबाईनं तो पोह्यात घातला आणि सगळ्या स्टाफनं खाल्ला.

त्यापुढे गाडं रुळावर आलं. दोघी सालेकशाच्या फलाटावर बसल्या. मालगाड्या अंगावरून गेल्यासारख्या धडधडत जात आणि शामकलाबाईची छातीही तशीच धडधडे. बसून राहिल्या. मग दरेकशापर्यंत गाडीनं गेल्या आणि परत आल्या. मग एके दिवशी बोगद्यातून. काळोख झाला, शामकलाबाईनं अल्काचा हात पकडला, इतका की बांगडी रुतली, आणि उजेड झाला तेव्हा दोघी पलीकडे होत्या. शामकलाबाईनं खिडकीतून बोगद्याकडे वळून पाहिलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. अल्काला ती शिवी एखाद्या आशीर्वादासारखी वाटली.

शनिवारी ती वर्गात नुसती फुलून बसली होती. सगळं सांगून झालं. नांदेडवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"छान," चेतना मॅडम म्हणाल्या. "बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, म्याडम सोबत असल्या तं मी कुठंबी जाईन."

चेतना मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. 

"कांदा काढलात," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या जागी तुम्ही जाऊन बसलात."

या वेळी अल्का ऐकून घेणार नव्हती. "मॅडम, आमच्याकडे बाई एकटी जातच नाही कुठं. धानाच्या रोवण्याला जाते तर टोळीनं, तेंदूपत्त्याला टोळीनं, मोहफुलं वेचायला जाते तर एकमेकींना हाका मारत जाते. सोबत ही आमची रीत आहे. पुण्यात नसेल."

"माझी आई रोवण्याला जायची, मला माहीत आहे," चेतना मॅडम म्हणाल्या. "पण धानाच्या बांधीत सोबत लागते ती काम सरावं म्हणून, चार गोष्टी बोलाव्या म्हणून. शामकलाबाईंना सोबत लागते ती आपण मरू नये म्हणून. ही सोबत ती सोबत आहे का? तुम्हीच सांगा."

अल्कानं वहीत 'एकटीनं' एवढंच लिहिलं. 

तिनं शामकलाबाईला सांगितलं, आता एकटीनं जायचं. शामकलाबाई उठली. "मंग राहू द्या," म्हणाली आणि गेली. त्यानंतर आलीच नाही. अल्कानं निरोप पाठवायचा नाही असं ठरवलं आणि रोज दाराकडे बघत बसली. थंडी वाढली. हंगामाचे थोडेच दिवस उरले.

मग एका सकाळी शामकलाबाई आली ती तरातरा, ओपीडीची रांग ओलांडून. "लीलाधर तलाव पाहून गेला," ती म्हणाली. "माह्या नवऱ्यासंगं काठावर उभा राहून, हातवारे करकरून. माह्या तलावाले. एकटीच जातो मी. पण उद्याच जातो, परवाचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी जागेश्वरनं फटफटीवरून बायको आणि टोपलं स्टेशनावर आणलं. टोपलं डब्यात चढवलं आणि तो फटफटी नीट लावून यायला बाहेर गेला. शामकलाबाई डब्याच्या दारात उभी राहिली. ओठ कोरडे, डोळे गाडीच्या तोंडाकडे. मग तिनं चोळीतून मोबाईल काढला आणि खाली उभ्या असलेल्या अल्काच्या हातात दिला.

"हा ठेवा. संगं असला तं मी तुमालेच फोन लावीन."

हे अल्कानं सांगितलं नव्हतं. हे तिचं तिनं ठरवलं होतं. गाडी हलली.

जागेश्वर परत आला तर गाडी गेलेली आणि मॅडम बाकावर.

"तुमी इथं कायले?" तो म्हणाला. "तुमी तं संगं जाणार होत्या ना जी?"

"नाही. आज त्या एकट्या गेल्या."

जागेश्वर मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. तो हळू बोलायचा आणि ते जास्त लागायचं. "बोगद्यात पडली तं तिच्या तोंडात पाणी टाकाले कोण हाय? तुमचं ट्रेनिंग होते, म्याडम. माही बायको जाते." मग तो फलाटाच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला.

दुपारच्या गाडीनं ती परत यायची होती. दुपारची गाडी आली. आमगावचे कॉलेजवाले चढले, एक म्हातारा उतरला, शेळी घेऊन एक बाई उतरली. गाडी निघून गेली. शामकलाबाई नव्हती.

जागेश्वर उठला आणि फटफटीकडे चालायला लागला. अल्का त्याच्यामागे धावली आणि फटफटीसमोर उभी राहिली.

"सरका जी."

"नाही सरकणार. भाऊ, तुम्ही दरेकशाला पुढे जाऊन उभे राहिलात की ती काय समजेल? 'माझ्या नवऱ्यालाबी भरवसा नव्हता.' आजवरचं सगळं पाण्यात जाईल."

"अन् तिले काही झालं असंल तं?"

इथे अल्कानं खोटं बोलायला हवं होतं. कोणीही बोललं असतं. "तर त्याची जबाबदार मी," ती म्हणाली. "पण आत्ता तिच्या मागं जायचं नाही. पुढची गाडी येऊ द्या."

जागेश्वर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली काढली आणि खिशात टाकली. भरवसा वाटला म्हणून नव्हे. फटफटीसमोर उभ्या असलेल्या बाईला बाजूला ढकलणं त्याच्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून.

अल्का बाकावर येऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्यात. छाती धडधडतेय. डोळ्यांसमोर बोगदा, त्यात पडलेलं टोपलं, विखुरलेले काळे शिंगाडे, शोधाशोध करणारी माणसं. कोणीतरी आपल्याला 'काही नाही होत' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं चेतना मॅडमना फोन लावला.

सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, काही झालं नसेल ना?"

 चेतना मॅडम, पुण्याची सगळी शुद्ध मराठी बाजूला ठेवून, आमगावच्या बोलीत म्हणाल्या, "मले काय माहीत वो बाई. बस तिथंच." आणि फोन ठेवला.

अल्काला एवढा राग आला की रागानं तिला हसू फुटलं. ती बसली. भीती चढली, खूप चढली. मालगाडी गेली. सुपरफास्ट न थांबता गेली. शेजारी जागेश्वरनं तंबाखू मळली आणि न खाताच टाकून दिली. अल्कानं त्याला काही समजावलं नाही, स्वतःलाही नाही. ती फक्त तिथून उठली नाही. आणि ऊन कलायला लागलं तेव्हा कधीतरी तिच्या ध्यानात आलं की बोटं मोकळी झाली आहेत, आणि शामकलाबाई मात्र अजून आलेली नाही. भीती गेली होती आणि काळजी तेवढी शिल्लक होती. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला इतकी वर्षं नोकरी करून कळलं नव्हतं.

संध्याकाळची मेमू आली. शेवटच्या डब्यातून टोपलं आधी दिसलं, मग ते धरणारा हात, मग शामकलाबाई. टोपलं रिकामं होतं. ती फलाटावरून सावकाश चालत आली. केस विस्कटलेले, पदर धुळीनं माखलेला, आणि चालणं असं, जणू रोवणं संपवून बांधावर आलेली बाई.

जागेश्वर उभा राहिला.  "कुठं होती वो?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"बोगद्यात," शामकलाबाई म्हणाली आणि बाकावर बसली.

"आयका म्याडम. सकाळी जातानी एक बाई भेटली. पानियाजोब गावची. तिची लेक माह्या जमुनाबाईच्या भावकीत दिलेली निघाली. गोष्टी गोष्टीत बोगदा कधी सरला, समजलंच नाही. भेव आलंच नाही. डोंगरगडले पिंपळाखाली बसली, लोकं म्हणे, सिंघाडेवाली, कहाँ मर गई थी? म्हटलं, मरी नहीं, इधरइच हूँ. टोपलं सरलं. मी गाडीत बसली अन् मनात आलं, हे तं खोटं झालं. ती बाई संगं होती. मंग ती सोबतच झाली ना?"

अल्कानं तिचा मोबाईल तिच्या हातात परत ठेवला.

"म्हणून येतानी पुऱ्या रिकाम्या डब्यात बसली. कोपऱ्यात. बोगदा आला अन् आलं मग भेव. असं आलं, म्याडम, का पयल्या दिवशी बी तसं नव्हतं आलं. मी म्हटलं, मरतो आता. म्हटलं, मरतो तं मरतो, पण उठत नाही. अन् बसून राहिली. बोगद्याच्या बाहेर निघाल्यावर बी ते होतंच. दरेकसा येईपर्यंत उतरलं." तिनं श्वास घेतला. "मंग मी दरेकशाले उतरली."

"कायले?" जागेश्वर म्हणाला.

"मनात आलं, एकाच बारीनं काय होते. इकडून जाणारी गाडी आली, बसली, बोगद्यातून परत तिकडं गेली. या बारीनं थोडंसंच आलं. तिकडं उतरली, बसून राहिली, मंग ही गाडी भेटली. तिकडचा टेशन मास्तर म्हणे, बाई, तुमी नेमक्या कुठं जाऊन राहिल्या? म्हटलं, बोगद्यात. तो माह्याकडे पाहतच राहिला."

"आणि आत्ता येताना?" अल्कानं विचारलं.  "आत्ता किती आलं भेव?"

शामकलाबाईनं विचार केला. खरं काय ते सांगायचं म्हणून नीट आठवून पाहिलं.

"भेव नाही, म्याडम," ती म्हणाली. "कंटाळा आला."

अल्का हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. भर फलाटावर, तिकीट खिडकीतला माणूस बघत असताना. जिथे ही बाई मेली होती, बिचारी झाली होती, त्या बोगद्याचा तिला कंटाळा आला होता. आयुष्यात अल्काला कोणी इतकं मोठं बक्षीस दिलं नव्हतं. तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

जागेश्वरनं रिकामं टोपलं उचललं, उलटं करून त्यातला कचरा झटकला, आणि बायकोकडे न बघता विचारलं, "उद्या किती टोपले लागतेत?"

"दोन," शामकलाबाई म्हणाली. "डोंगा लवकर काढा. अन् त्या लीलाधरले आजच सांगा, तलाव माहा हाय."

ती उठली आणि पुढे चालायला लागली. टोपलं घेतलेला नवरा आणि डोळे लाल झालेल्या मॅडम मागून तिला गाठायला धावले, पण शामकलाबाईनं थांबून कोणाची वाट पाहिली नाही.